पहिल्या मेलचं काय करायचं?

२०२२च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन आणि पाडव्याच्या मधल्या दिवशी सूर्यग्रहण आलं होतं. त्याच दिवशी, २५ ऑक्टोबरला, ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या मंडळींनी जाहीर केलं की १ नोव्हेंबरला ३.०.७ ही आवृत्ती येईल आणि तीत एक 'क्रिटिकल' दोष दुरुस्त केलेला असेल. दोष कोणता, ते गुलदस्त्यात. तिच्यातलाच २०१४चा हार्टब्लीड दोष आठवून अनेकांचं धाबं दणाणलं. बाधा फक्त ३.० मालिकेला, १.१.१ला नाही, एवढंच कळलं होतं.

मी सर्व्हरवर 'ओपनएसएसएल व्हर्जन' कमांड मारली. उत्तर आलं, १.१.१एफ. 'आपल्याला धोका नाही' असा मेल ग्राहकाला टाकला आणि भाऊबीजेला ताईकडे गेलो.

ती कमांड त्या मशीनवरच्या ओपनएसएसएल प्रोग्रामची आवृत्ती सांगते. तुमचं सॉफ्टवेअर कुठली लायब्ररी उचलतं, ते तिला ठाऊक नसतं. आमची सेवा कंटेनरमध्ये चालायची आणि आत होतं उबुंटू २२.०४, म्हणजे ३.०.२. दुसऱ्या कंटेनरात नोड १८. ते आपलं ओपनएसएसएल पोटात घेऊनच फिरतं, पॅकेजच्या यादीत दिसत नाही. 'प्रोसेस डॉट व्हर्जन्स' विचारलं की कबूल करतं. हे मला टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीने दाखवलं. लगेच दुसरा मेल: 'आपण बाधित आहोत.' हीसुद्धा घाईच.

१ तारखेला तपशील आले तेव्हा दर्जा 'हाय'वर उतरला होता. सर्टिफिकेटमधला प्युनीकोड ईमेल पत्ता उलगडताना चार बाइट हद्दीबाहेर लिहिले जात. पण तो कोड चालतो सर्टिफिकेटांच्या साखळीच्या सह्या तपासून झाल्यावर. म्हणजे एखाद्या सीएने, सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने, तसलं वाकडं सर्टिफिकेट सही करून दिलेलं हवं, नाहीतर साखळी विश्वासाच्या सीएपर्यंत पोचली नाही तरी तपासणी पुढे रेटणारा प्रोग्राम हवा. सर्व्हर क्लायंटकडे सर्टिफिकेटच मागत नसेल, तर त्या बाजूने वाट बंद.

आमचा मागत नव्हता. हुश्श म्हणणार, तेवढ्यात वेबहुक आठवले. ग्राहक देतील त्या पत्त्यावर आमची सेवा स्वतः जोडली जायची. तिथे क्लायंट आम्ही, समोरच्याचं सर्टिफिकेट तपासणारेही आम्हीच. आवृत्ती कळली की लगेच हाच प्रश्न विचारा: आपला प्रोग्राम कोणाकोणाची सर्टिफिकेटं तपासतो? उत्तर बहुधा आर्किटेक्चरच्या चित्रात नसतं, कोडमध्ये शोधावं लागतं.

पॅच लावल्यावरही आकडा फसवतो. उबुंटूने दुरुस्ती ३.०.२मध्येच बसवली, ३.०.७ची वाट पाहाल तर पाहतच राहाल. पॅकेजच्या आकड्याचं शेपूट बघायचं. आणि लायब्ररी बदलली तरी चालू प्रोसेस जुनीलाच धरून बसते, तेव्हा रीस्टार्ट हवाच. कंटेनर असेल तर इमेज नव्याने बांधायची.

तिसऱ्या मेलमध्ये मी 'हो' किंवा 'नाही' लिहिलं नाही. कुठल्या इमेजमध्ये कुठली आवृत्ती, ती कोणाची सर्टिफिकेटं तपासते, नव्याने कधी चालू केली, एवढं मांडलं. ग्राहकाचं उत्तर एका ओळीचं होतं: 'मग पहिला मेल ऑडिटच्या फाइलमधून काढायचा का?'