हात माझाच सैल म्हणे!

“तुमचा हात सैल पडतोय हो,” हे मणीकामाच्या कार्यशाळेत मला इतकं ऐकवलं गेलं की घरी कणीक मळताना मी स्वतःच्या बोटांकडे संशयाने बघायला लागले होते. ब्रेसलेटसाठी पेयोट विणीची साधी पट्टी, पण माझी दर वेळी एका बाजूला फाकायची. शिकवणाऱ्या मॅडमची मात्र फूटपट्टीसारखी सरळ. शेजारच्या मुलीचीही वाकडीच होती. ती गप्प बसली आणि मी कारण विचारलं, म्हणून सैल हात फक्त माझा.

किटचे पैसे फीमध्येच धरलेले. ‘11 नंबरचे जपानी मणी’ असं पुडीवर लिहिलेलं, आणि बाहेरचे मणी आणायला सक्त मनाई.

उलगडा झाला तो मंगळसूत्र गाठवायला गेले तेव्हा. गाठवणाऱ्या काकांनी माझ्या हातातलं अर्धवट ब्रेसलेट पाहिलं आणि उरलेली पुडी मागितली. एका सुईवर लाल मणी ओवले, दुसरीवर तेवढेच पांढरे, आणि सुया शेजारी धरल्या. लाल रांग चांगली दीड मण्याने लांब! मग ओल्या कापसाने लाल मणी चोळले. कापूस गुलाबी. “ताई, काच रंगीत नाही, वरून रंग दिलाय,” एवढंच म्हणाले आणि माझ्या मंगळसूत्राकडे वळले. मला तिथेच आठवलं, मॅडम दाखवायला घ्यायच्या ते मणी त्यांच्या स्वतःच्या डबीतले असायचे. नळीच्या आकाराचे, सगळे एका मापाचे. आमच्या पुडीतले तसे कधीच नव्हते.

मॅडमना फोन केला तर उत्तर काय, “शिकणाऱ्यांना एवढं पुरतं.” जपानी या शब्दाचं काय, असं विचारल्यावर संध्याकाळी मी व्हॉट्सॲप ग्रुपच्या बाहेर.

तर नव्याने शिकणाऱ्यांनो, क्लास लावण्याआधी किट उघडून दाखवायला सांगा. नंबर जितका मोठा तितका मणी बारीक, त्यामुळे 15 नंबर पाहून हुरळू नका. 11 नंबरचा मणी साधारण दोन मिलिमीटरचा असतो, आणि 8 नंबर त्याहून मोठा, पहिल्या पट्टीला तोच बरा. मियुकी या जपानी कंपनीचे डेलिका मणी नळीसारखे असतात, पेयोटमध्ये विटांसारखे बसतात. चेक मणी गोलसर, थोडे कमीजास्त असतात. ते वाईट नाहीत, पण तांदूळ निवडावेत तसे आधी निवडावे लागतात. काचेची नळी तोडून मणी करतात, मग भाजून कडा गुळगुळीत करतात. स्वस्त मालात कडा धारदार राहते आणि तीच दोरा कापते. माझं ब्रेसलेट दोनदा तुटलं तेव्हाही अर्थात हातच सैल होता!

सुई 10 नंबरची घ्या, बारीक मण्यांना 12. भोकात दोरा दोन-तीनदा जायचा असतो, सुई अडली की रेटू नका, मणी फुटतो. साधा नायलॉनचा दोरा ताणला की लांबतो, म्हणून विणण्याआधी हातात ओढून घ्या. मासेमारीची विणलेली दोरी त्यापेक्षा भरवशाची, आणि ती आमच्या किटमध्ये का नव्हती हे सांगायला नको. चुकून जास्तीचा मणी ओवला गेला तर उसवत बसायची गरज नाही. भोकात जाड सुई घालून पकडीने मणी दाबला की काच बाहेरच्या बाजूला फुटते, दोरा वाचतो. डोळ्यांवर चष्मा मात्र हवा. चांगला उजेड हवा आणि घाई नको, हे तर कोणीही सांगेल.

चांदीसारखी चमक असलेले किंवा वरून रंगवलेले मणी गळ्यात घालण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून बघा, घामाने ब्लाउजची कॉलर रंगण्यापेक्षा बरं. आणि फीची पावती घ्या, त्यावर किटमधल्या मण्यांचं नाव आणि नंबर लिहून घ्या. माझ्या पावतीवर फक्त ‘साहित्यासह’ असं होतं, त्यामुळे मॅडम आजही खुशाल म्हणू शकतात की साहित्य तर दिलंच होतं.