रोमच्या देवी आणि त्यांचे सण

घरोघरी भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेच्या पानावर दोन निराळ्या परंपरांचे महिने शेजारी शेजारी नांदत असतात. चैत्र, वैशाख ही नावे नक्षत्रांवरून पडली, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण मार्च, मे, जून ही नावे कोठून आली, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ती आली आहेत प्राचीन रोम नगरातून. मार्च हा मार्स या युद्धदेवाचा महिना होय. मे हा माइया देवीचा आणि जून हा देवांची राणी जूनो हिचा, असे रोमन लोक सांगत. काहींच्या मते मात्र मे हा वडीलधाऱ्यांचा व जून हा तरुणांचा महिना होता. ओव्हिड या लॅटिन कवीने दोन्ही मते मांडली आणि निवाडा न करता विषय सोडून दिला. देवींचा रोष ओढवून घेण्याची त्याची तयारी नसावी!

सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर या नावांत देव नाहीत. केवळ संख्या आहेत. संस्कृतातील सप्त, अष्ट, नव व दश या शब्दांचीच ती लॅटिन भावंडे. नवव्या महिन्यास ‘सातवा’ असे नाव पडावे, याचे कारण एवढेच की, रोमचे जुने वर्ष मार्चमध्ये, म्हणजे वसंताच्या आरंभी सुरू होत असे.

या जुन्या वर्षाचे दिवस अवघे ३५५ होते. सूर्याच्या गतीशी मेळ बसावा म्हणून अधूनमधून एक जादा महिना घालावा लागे. आपल्या पंचांगात अधिक महिना केव्हा यावा हे गणिताने ठरते. रोममध्ये ते पुरोहितमंडळाच्या मर्जीवर अवलंबून होते. मर्जीतला मनुष्य अधिकारपदावर असला की वर्ष लांबे, विरोधक असला की ते आखूड होई. परिणामी पंचांग आणि ऋतू यांची फारकत झाली. सुगीचा सण सुगीत येईना आणि द्राक्षांच्या हंगामाचा सण शरद ऋतूत येईना. ज्या देवीला पिकासाठी आळवायचे, तिचा सण पीक घरात आल्यावर येऊ लागला, तर शेतकऱ्याने काय करावे? अखेर जूलियस सीझरने इ. स. पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचे करून हा घोळ निस्तरला आणि पुढील वर्षापासून ३६५ दिवसांचे पंचांग चालू केले.

या सणांची माहिती मुख्यतः दोन ठिकाणी मिळते. एक म्हणजे दगडी फलकांवर कोरलेली किंवा भिंतीवर रंगविलेली रोमन पंचांगे. अशा चाळीसांहून अधिक पंचांगांचे अवशेष सापडले आहेत. दुसरे म्हणजे ओव्हिडचे ‘फास्ती’ हे काव्य. प्रत्येक महिन्यास एक सर्ग, अशी त्याची योजना होती, परंतु इ. स. ८ मध्ये सम्राट ऑगस्टसने कवीला काळ्या समुद्राच्या काठी हद्दपार केले आणि आज या काव्याचे सहाच सर्ग उपलब्ध आहेत. म्हणूनच जूनपर्यंतचे सण डोळ्यांसमोर उभे राहतात आणि पुढचे अंधुक होत जातात.

मार्चच्या पहिल्या दिवशी व्हेस्टा देवीच्या मंदिरातील अग्नी नव्याने पेटवीत. त्याच दिवशी विवाहित स्त्रिया जूनो लूकिना या प्रसूतीच्या देवीच्या दर्शनास जात. मंदिरात शिरताना केसांच्या व वस्त्रांच्या गाठी सोडून ठेवण्याची रीत होती. अंगावरची गाठ सुटली की बाळंतिणीचीही सुटका सुखरूप होते, अशी त्यांची श्रद्धा होती. पती या दिवशी पत्नीला भेटवस्तू देत आणि घरच्या मालकिणी आपल्या दासींना जेवू घालीत.

पंधराव्या दिवशी ॲना पेरेना या वर्षाच्या देवीचा उत्सव असे. त्यास मंदिराचा थाट नव्हता. सामान्य लोक टायबर नदीकाठी हिरवळीवर जमत, झाडांच्या फांद्यांच्या झोपड्या उभारीत, गाणी म्हणत आणि जितके पेले मद्य प्यावे तितकी वर्षे आयुष्य लाभते या समजुतीने पेले मोजीत बसत. इ. स. पू. ४४ मध्ये सीझरचा वध झाला तो याच दिवशी.

एप्रिल हा देवींनी गजबजलेला महिना. प्रारंभी थोर माता सिबेली हिचा उत्सव येई. ही देवी मूळची रोमची नव्हे. कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत तळ देऊन बसला असता, परदेशातून ही माता आणल्यास शत्रू हटेल, असे रोमच्या भविष्यग्रंथांत निघाले. तेव्हा इ. स. पू. २०४ मध्ये आशिया मायनरमधून तिची काळी शिळा जहाजाने आणण्यात आली. त्यानंतर एका वर्षाने हॅनिबल मायदेशी परतला.

मग येई धान्यदेवी सेरीस. इंग्रजीत तृणधान्याला जो ‘सीरियल’ शब्द आहे, तो हिच्याच नावाचा. दुष्काळाच्या दिवसांत नवस बोलून बांधलेले तिचे मंदिर इ. स. पू. ४९३ मध्ये ॲव्हेंटाइन टेकडीच्या पायथ्याशी उभे राहिले, अशी परंपरा आहे. हे मंदिर गरीब प्रजेचा मोठा आधार होता. प्रजेच्या बाजूचे अधिकारी तेथून कारभार पाहत आणि राज्यसभेचे ठराव तेथे जपून ठेवले जात, म्हणजे श्रीमंतांना ते बदलता येऊ नयेत. धान्याचा प्रश्न हा सत्तेचाही प्रश्न आहे, हे रोमच्या गरिबांनी फार लवकर ओळखले होते. तिच्या उत्सवातील एक चाल मात्र क्रूर होती. शेपटीला पेटते पलिते बांधून कोल्हे मैदानात सोडीत. एका मुलाने कोंबड्या पळविणाऱ्या कोल्ह्याला गवतात गुंडाळून पेटविले, तो निसटून उभ्या पिकातून धावला आणि सारे शेत जळाले, त्याची ही शिक्षा, असे ओव्हिड सांगतो. अपराध मुलाचा आणि शिक्षा कोल्ह्यांच्या वंशाला, हा न्याय अजबच म्हणावा लागेल.

एकविसाव्या दिवशी मेंढपाळांची देवी पालेस हिचा सण असे. मेंढवाडे पाने व माळा लावून सजवीत, दूध व भरड्या धान्याच्या पोळ्या देवीला वाहत आणि पेटलेल्या गवतावरून मेंढपाळ उड्या मारीत. त्यांची प्रार्थना ऐकण्यासारखी होती. कळपाने नकळत एखाद्या देवराईत चरले असेल, आपण आजारी मेंढीसाठी तेथील फांदी तोडली असेल, जनावरांच्या खुरांनी एखादा झरा गढूळ झाला असेल, तर क्षमा असावी, अशी ते विनवणी करीत. रोम नगराची स्थापना इ. स. पू. ७५३ मध्ये याच तिथीस झाली, अशी आख्यायिका आहे. त्या नगरात २१ एप्रिल हा दिवस आजही साजरा होतो.

पंचविसाव्या दिवसाचा सण आनंदाचा नव्हता, भीतीचा होता. आपल्याकडील शेतकरी गव्हावरील ज्या रोगाला तांबेरा किंवा गेरवा म्हणतो, त्याची रोबिगो नावाची देवी रोमन लोक मानीत. या शब्दाचा अर्थच मुळी गंज. एप्रिलच्या अखेरीस गव्हाची ओंबी भरू लागते आणि ओलसर हवेत तांबेरा नेमका तेव्हाच पानांवर व देठांवर चढतो. पांढरी वस्त्रे ल्यालेले लोक पुरोहितासह नगराबाहेरील राईत जात आणि तेथे कुत्रा व मेंढी यांचा बळी देण्यात येई. देवीने हवे तर तलवारी आणि भाले खावेत, कोवळ्या पिकाला मात्र हात लावू नये, असे पुरोहित तिला विनवी. पुढे १७६७ साली इटलीतल्याच फोंताना व तार्जोनी तोत्झेत्ती या दोघा विद्वानांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवून दिले की, तांबेरा ही पिकावर जगणारी एक बुरशी आहे. तिचे बीजाणू वाऱ्याबरोबर दूरवर पसरतात. रोबिगोची राई आता नाही. तांबेरा मात्र आहे, आणि महाबळेश्वर येथे गव्हाच्या याच रोगावर संशोधन करणारे केंद्र आहे.

रोबिगोची भीती ओसरते न ओसरते तोच फुलांची देवी फ्लोरा हिचा रंगीबेरंगी उत्सव सुरू होई आणि मे महिन्याच्या तिसऱ्या दिवसापर्यंत चाले. एके वर्षी मोहोर झडून गेला, तेव्हा देवी रुसली असे समजून इ. स. पू. १७३ पासून तिचे खेळ दरवर्षी भरविण्याचे ठरले. खेळात ससे व बकऱ्या सोडीत आणि जमावावर कडधान्ये उधळीत.

बोना देआ, म्हणजे ‘कल्याणी देवी’, ही केवळ स्त्रियांची होती. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी तिच्या मंदिराचा उत्सव असे. डिसेंबरातील गुप्त पूजा मोठ्या अधिकाऱ्याच्या घरी होई, आणि त्या रात्री घरधन्यासह सर्व पुरुषांना बाहेर जावे लागे. इ. स. पू. ६२ मध्ये ही पूजा सीझरच्या घरी चालू असता क्लोडियस नावाचा उनाड सरदार स्त्रीवेष घेऊन आत शिरला. एका दासीने त्याला हटकले आणि त्याच्या आवाजाने तो पकडला गेला. सीझरच्या आईने तत्काळ पूजा थांबविली. पुढे खटला भरला, पण पंचांना लाच चारून क्लोडियस सुटला. सीझरने मात्र पत्नीचा त्याग केला. तिचा अपराध कोणी सिद्ध केला नव्हता.

जूनच्या नवव्या दिवशी चुलीची व अग्नीची देवी व्हेस्टा हिचा सण येई. तिच्या गोल मंदिरात मूर्ती नव्हती. होता तो केवळ अखंड तेवणारा अग्नी. तो राखण्यासाठी सहा कुमारिका नेमीत. सहा ते दहा वर्षांच्या वयात त्यांची निवड होई. पुढील दहा वर्षे शिकण्यात, दहा सेवेत आणि दहा नव्या मुलींना शिकविण्यात जात. नव्या ओंब्यांचे दाणे कांडून व दळून, त्यात मीठ मिसळून त्या जे पीठ करीत, ते यज्ञपशूच्या मस्तकावर शिंपडल्याखेरीज सरकारी यज्ञ पुरा होत नसे. रस्त्यात सरदारही त्यांना वाट देत. परंतु अग्नी विझला तर फटके बसत, आणि ब्रह्मचर्याचा भंग झाल्याचे ठरले तर नगराच्या वेशीजवळ जमिनीखालील कोठडीत जिवंत पुरीत. युद्धात हार झाली किंवा रोगराई पसरली की लोकांना दोषी हवा असे, आणि मग या मुलींपैकी कोणावर तरी संशय येई. सणाच्या दिवसांत मंदिराचा गाभारा गृहिणींसाठी उघडत. त्या अनवाणी येत. भट्टीवाले आपल्या गाढवांना व जात्यांना फुलांच्या माळा घालून त्या दिवशी विश्रांती देत. पंधराव्या दिवशी मंदिर झाडून केर टायबर नदीत सोडीत. तोवर विवाह अशुभ मानीत.

ओव्हिडची सोबत येथे सुटते. ऑगस्टच्या तेराव्या दिवशी वनदेवी डायाना हिचा उत्सव असे. तो दासांच्या सुटीचा दिवस होता, आणि नेमी सरोवराकाठच्या तिच्या राईत नवस फेडणाऱ्या स्त्रिया पलिते घेऊन जात. त्याच महिन्यात साठविलेल्या धान्याची देवी ऑप्स हिची पूजा होई. डिसेंबरातील सॅटर्नेलियाच्या सणात धनी आणि दास यांतील भेद काही दिवस बाजूला ठेवीत. त्याच सुमारास, वर्षातील सर्वांत लहान दिवशी, अँजेरोना या देवीस बळी देत. तिच्या मूर्तीच्या तोंडावर पट्टी बांधून ती मोहोरबंद केलेली असे. का, याविषयी रोमन पंडितांतच एकमत नव्हते.

जानेवारीत पेरणी आटोपल्यावर भूमाता टेल्लुस व सेरीस यांची पूजा करीत. तिची तिथी ठरलेली नसे. पुरोहित ती जाहीर करीत. नांगर खुंटीला टांगून ठेवीत आणि बैलांच्या गळ्यात माळा घालून त्यांना भरल्या गव्हाणीपुढे उभे करीत. पोळ्याच्या दिवशी महाराष्ट्रातील गोठ्यात दिसते ते दृश्य याहून फार निराळे नाही. फेब्रुवारी हा शुद्धीचा व पितरांचा महिना. मृतांच्या समाधीवर फुले, धान्य व मीठ वाहून जुने वर्ष संपे.

ख्रिस्ती धर्म राजधर्म होऊ लागला, तसे हे सण मागे पडले. इ. स. ३८२ मध्ये सम्राट ग्रेशियनने व्हेस्टाच्या कुमारिकांचे सरकारी उत्पन्न बंद केले. पुढच्या वर्षी धान्याची टंचाई पडली. तेव्हा सिम्मॅकस या नगराधिकाऱ्याने ३८४ मध्ये सम्राटास अर्ज पाठविला की, हा दुष्काळ देवतांच्या अपमानाचे फळ होय. मिलानचे बिशप अँब्रोझ यांनी उत्तर दिले की, तसे असेल तर साम्राज्याच्या इतर प्रांतांत पीक भरघोस का आले? अर्ज फेटाळला गेला. ३९१ मध्ये सम्राट थिओडोसियसने यज्ञ व मंदिरप्रवेश यांवर बंदी घातली आणि लवकरच व्हेस्टाचा अग्नीही विझला.

१९९९ साली रोमच्या उत्तर भागात वाहनतळासाठी खोदकाम चालू असता जमिनीखाली एक जुने कारंजे लागले. त्यावरील शिलालेखात ॲना पेरेनाचे नाव होते. गाळात लोकांनी देवीला वाहिलेली नाणी, दिवे, अंड्यांची टरफले आणि आपल्या वैऱ्यांविरुद्ध शिशाच्या पत्र्यांवर लिहून टाकलेले शाप सापडले. या वस्तू आता रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवल्या आहेत.