सावकाश धावण्याचा धडा

धावणे ही काही शिकण्याची गोष्ट आहे, असे सहसा कोणाला वाटत नाही. मूल पावले टाकू लागले की थोड्याच दिवसांत ते आपोआप दुडूदुडू धावू लागते. पोहणे शिकावे लागते, सायकल शिकावी लागते. धावण्यात शिकण्यासारखे असे काय आहे? परंतु धावण्याचीही एक विद्या आहे. जन्मभर इतरांना धावायला शिकविणाऱ्या एका नामांकित गुरूला वयाची ५१ वर्षे उलटल्यावर ही विद्या पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली. आणि तिचा पहिला पाठ त्यांना दिला तो एका वृद्ध हृदयरोग्याने!

या गुरूंचे नाव बिल बॉवरमन. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगन नावाचे राज्य आहे. त्या राज्यातील युजीन या शहरी विद्यापीठात ते धावपटूंचे शिक्षक होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी डोंगरी मुलखात लढणाऱ्या सेनादळात पराक्रम गाजविला होता. उंच, धिप्पाड देह, करडी शिस्त आणि बारीक नजर यांबद्दल त्यांची ख्याती होती. आपल्या शिष्यांचे बूट हलके असावेत म्हणून ते स्वतः बूट तयार करीत. १९६२ साली त्यांच्या चार शिष्यांनी एकेक मैल धावण्याच्या सांघिक शर्यतीत जगातील सर्वांत कमी वेळ नोंदविला. त्यापूर्वीचा विक्रम न्यूझीलंडच्या धावपटूंचा होता. साहजिकच दोन्ही देशांच्या खेळाडूंना एकमेकांविषयी कुतूहल वाटू लागले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बॉवरमन आपल्या शिष्यांसह न्यूझीलंडला गेले.

न्यूझीलंड हा देश पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात आहे. आपल्याकडे हिवाळा असतो त्या वेळी तेथे उन्हाळा असतो. त्या देशातील ऑकलंड हे सर्वांत मोठे शहर निवांत झालेल्या ज्वालामुखींच्या लहानमोठ्या टेकड्यांवर वसलेले आहे. तेथे आर्थर लिडियर्ड हे बॉवरमन यांचे यजमान होते.

लिडियर्ड यांची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. ते बुटांच्या कारखान्यात काम करीत. तरुणपणी ते रग्बी खेळत आणि आपली प्रकृती उत्तम आहे असे समजत. एकदा एका मित्राने त्यांना आपल्याबरोबर पाच मैल धावायला नेले. थोडे अंतर जाताच लिडियर्ड यांचे ऊर धपापू लागले, पाय जड झाले. आपण अद्याप तिशीतही पोचलो नाही, आणि आजच ही दशा. मग पन्नाशीत आपले काय होणार, या विचाराने ते अस्वस्थ झाले. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्याच देहावर प्रयोग आरंभिले. कधी थोडे अंतर, कधी अफाट अंतर, कधी वेगाने, कधी संथपणे असे ते वर्षानुवर्षे धावत राहिले. त्यातून त्यांना एक गोष्ट कळून आली. नुसत्या वेगाने दमछाक करून घेतल्याने दम वाढत नाही. दम वाढतो तो बेताच्या गतीने दीर्घ काळ धावल्याने. १९५३ आणि १९५५ साली त्यांनी न्यूझीलंडची मॅरेथॉन शर्यत जिंकली. पुढे त्यांनी आपल्या शिष्यांनाही त्याच मार्गाने नेले. आठवड्याला सुमारे शंभर मैल, आणि रविवारी डोंगराळ रस्त्याने सलग बावीस मैल! १९६० साली रोम येथील ऑलिंपिक सामन्यांत त्यांच्या दोन शिष्यांनी एकाच दिवशी सुवर्णपदके मिळविली. पीटर स्नेल यांनी ८०० मीटरची, तर मरे हॉलबर्ग यांनी ५,००० मीटरची शर्यत जिंकली. हॉलबर्ग यांचा डावा हात रग्बी खेळताना झालेल्या दुखापतीमुळे कायमचा अधू झाला होता.

परंतु लिडियर्ड यांनी केवळ विजेतेच घडविले असे नव्हे. जी पद्धत वीस वर्षांच्या खेळाडूचा दम वाढविते, ती साठ वर्षांच्या माणसाच्या का उपयोगी पडू नये, असा त्यांचा प्रश्न होता. त्या काळी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला डॉक्टर दीर्घकाळ विश्रांती घ्यावयास सांगत. लिडियर्ड यांनी अशा काही माणसांना अगदी सावकाश, आधी चालत आणि मग हळूहळू धावत, रस्त्यावर आणले. अशा संथ धावण्याला इंग्रजीत जॉगिंग म्हणतात. १९६२ साली ऑकलंडमध्ये या मंडळींचा एक संघच स्थापन झाला. त्यात व्यापारी होते, कारकून होते, निवृत्त गृहस्थ होते. त्यांना कोणाला हरवायचे नव्हते, की पदक मिळवायचे नव्हते. रविवारी सकाळी जमावे, गप्पा मारीत टेकड्यांवरून धावून यावे, एवढाच त्यांचा क्रम.

अशाच एका रविवारी लिडियर्ड यांनी बॉवरमन यांना या मंडळींबरोबर धावण्यास बोलाविले. बॉवरमन आनंदाने निघाले. एके काळी आपण खेळाडू होतो, आजही दररोज मैदानावर असतो, तेव्हा या हौशी लोकांबरोबर धावणे म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. प्रारंभीचा सपाट रस्ता त्यांनी सहज काटला. मात्र पुढे टेकडीचा चढ लागला आणि सारे चित्र पालटले. त्यांचा श्वास फुलला, छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली, पाय उचलेनासे झाले. बाकीची मंडळी, त्यांत कितीतरी पिकल्या केसांची माणसे, हसतखेळत पुढे निघून गेली. जगज्जेत्यांचा गुरू मागे एकटा पडला.

इतक्यात पुढे गेलेल्यांपैकी एक वृद्ध गृहस्थ मागे वळले आणि त्यांच्या बरोबरीने धावू लागले. त्यांनी वयाची सत्तरी ओलांडली होती आणि त्यांना हृदयविकाराचे तीन झटके येऊन गेले होते. पाहुण्यांना त्रास होत आहे हे त्यांनी ओळखले आणि तसे बोलूनही दाखविले. बॉवरमन यांनी काहीच उत्तर दिले नाही; उत्तर देण्याइतका श्वासच त्यांच्यापाशी उरला नव्हता! मग त्या गृहस्थांनी त्यांना जवळच्या वाटेने, आपली गती आवरून धरीत, सांभाळून परत आणले. स्वतः मात्र ते सारा वेळ बोलत होते.

हा प्रसंग विसरून जाणे बॉवरमन यांना अवघड नव्हते. प्रवासाचा शीण, नवा मुलूख, उन्हाळ्याचे दिवस अशी कारणे सांगता आली असती. त्यांनी तसे केले नाही. जे आपल्याला येत नाही ते या वृद्धाला येते, हे त्यांनी मनाशी मान्य केले आणि ते शिकावयाचे ठरविले. पुढील सहा आठवडे ते न्यूझीलंडमध्ये राहिले आणि जवळजवळ रोज धावले. पण आता ते निराळ्या रीतीने धावत होते.

या रीतीत शिकण्यासारखे काय होते? पहिली गोष्ट म्हणजे अंगाची ठेवण. धावताना पाठ ताठ, पण ताणलेली नसावी. नजर पायांकडे न ठेवता समोर ठेवावी. खांदे सैल सोडावेत, कोपरे दुमडलेली असावीत आणि मुठी आवळू नयेत. कारण हाताची मूठ आवळली की मानेपर्यंतचे सारे स्नायू आवळले जातात आणि शक्ती व्यर्थ जाते. पाऊल लांबवर फेकू नये. लहान, हलकी पावले टाकावीत, म्हणजे ती शरीराच्या खालीच पडतात आणि गुडघ्यांना हिसके बसत नाहीत. श्वास नाकाने आणि तोंडाने मोकळेपणी घ्यावा.

दुसरी गोष्ट म्हणजे गती, आणि खरी कठीण गोष्ट हीच. ती मोजण्यासाठी घड्याळ लागत नाही. बरोबरच्या सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे. बोलताना वाक्य तुटू लागले तर गती कमी करावी. तरीही तुटले तर चालू लागावे. ही कसोटी ऐकण्यास सोपी वाटते; परंतु दुसरा पुढे जात असताना आपण मागे राहणे फार थोड्यांना जमते. पाय मंद करण्यापूर्वी मनातील स्पर्धा मंद करावी लागते. तिसरी गोष्ट म्हणजे विश्रांती. एक दिवस अधिक श्रम केले तर दुसऱ्या दिवशी कमी करावेत. कारण शरीर बळकट होते ते श्रमानंतरच्या विसाव्यात.

अशा सावकाश धावण्याने दम कसा वाढतो, हे समजून घेणे कठीण नाही. धावताना पायांच्या स्नायूंना अधिक प्राणवायू लागतो. तो फुप्फुसांतून रक्तात येतो आणि हृदय ते रक्त स्नायूंपर्यंत पोचविते. माणूस एकदम वेगाने धावू लागला की स्नायूंची मागणी पुरवठ्याहून वाढते; मग धाप लागते आणि थांबावे लागते. गती बेताची ठेवली तर मागणी आणि पुरवठा यांचा मेळ बसतो आणि बराच वेळ धावता येते. हा क्रम काही आठवडे आणि महिने चालला म्हणजे शरीरात हळूहळू बदल घडतो. हृदय हाही एक स्नायूच आहे. सरावाने ते एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते, म्हणून विसाव्याच्या वेळी त्याला कमी ठोके द्यावे लागतात. स्नायूंमध्ये केसांहून बारीक अशा नव्या रक्तवाहिन्या तयार होतात. काल ज्या चढावर दम लागत होता, तोच चढ मग सुसह्य होतो.

बॉवरमन यांनाही हाच अनुभव आला. सहा आठवड्यांनी मायदेशी परतले तेव्हा त्यांचे वजन घटले होते, कंबरेचा घेर कमी झाला होता आणि टेकडीचे भय उरले नव्हते. १९६३ च्या प्रारंभी त्यांनी युजीनच्या नागरिकांना विद्यापीठाच्या मैदानावर सावकाश धावण्यासाठी बोलाविले. मोठ्या माणसांनी रस्त्याने उगाच धावणे हा प्रकार त्या काळी अमेरिकेतही विचित्र समजला जाई. प्रथम थोडे लोक आले. नंतर मात्र काही आठवड्यांतच एवढी गर्दी लोटली की बॉवरमन यांनाच काळजी वाटू लागली. यांतील कोणाचे हृदय दुबळे असेल, कोणी अतिश्रम केले तर? उत्साहाच्या भरात कोणाचा प्राण जाऊ नये, म्हणून त्यांनी ती गर्दी परत पाठविली. मग हृदयविकारांचे जाणकार डॉक्टर वाल्डो हॅरिस यांच्या साहाय्याने त्यांनी लहान लहान गटांवर आपली पद्धत पारखून पाहिली. कोणी किती चालावे, किती धावावे, कोणी आधी डॉक्टरांना प्रकृती दाखवावी, हे त्यांनी काळजीपूर्वक ठरविले. १९६७ साली या दोघांचे ‘जॉगिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

आज जगातील कितीतरी शहरांत पहाटे रस्त्यारस्त्यांवर स्त्रीपुरुष संथ गतीने धावताना दिसतात. त्यांतील बहुतेकांना बॉवरमन यांचे नाव ठाऊक नसते, आणि त्या वृद्ध गृहस्थांचे तर त्याहूनही नसते. तरीही बरोबरच्या सोबत्याला धाप लागली हे पाहून कोणी आपली गती कमी करतो, त्या वेळी ऑकलंडच्या टेकडीवरील तोच पाठ तो नकळत गिरवीत असतो.

शब्दार्थ

ख्याती – कीर्ती. करडी – कडक. दमछाक – दम संपून जाणे. अधू – दुबळा, पुरेसे काम न करणारा. डाव्या हातचा मळ – अगदी सोपी गोष्ट. मुलूख – प्रदेश. शीण – थकवा. कसोटी – परीक्षा. सुसह्य – सहज सोसता येण्याजोगा.

स्वाध्याय

१. लिडियर्ड यांनी स्वतःवर प्रयोग करण्यास आरंभ का केला? त्यांतून त्यांना काय कळून आले?

२. वृद्ध गृहस्थांच्या बोलण्याला बॉवरमन यांनी उत्तर का दिले नाही?

३. ‘पाय मंद करण्यापूर्वी मनातील स्पर्धा मंद करावी लागते.’ या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. मैदानावर जमलेली गर्दी बॉवरमन यांनी परत का पाठविली? त्यांनी केले ते योग्य होते काय? कारणे द्या.

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : ऊर धपापणे, चित्र पालटणे, पाठ गिरविणे.

६. मित्राशी बोलत बोलत शाळेच्या मैदानाला सावकाश दोन फेऱ्या घाला. दुसऱ्या दिवशी तेवढेच अंतर वेगाने धावा. दोन्ही दिवशी धावणे संपताच एका मिनिटातील नाडीचे ठोके मोजा आणि आपला अनुभव दहा ओळींत लिहा.