परदेशी कॉलेजच्या अर्जातला निबंध : मुलांचा की आपला?

बारावीचे वर्ष सुरू झाले की आपल्या धर्मग्रामातील काही घरांत परदेशी शिक्षणाचा विषय निघतो. गुण, इंग्रजीची परीक्षा, बँकेचे कर्ज यांसाठी पालक धावपळ करतात. अर्जासोबत द्यायचा निबंध मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. मग कुणी एजंट तयार मजकूर देतो, नाहीतर परदेशातला चुलतभाऊ रात्रीतून लिहून पाठवतो. गेली काही वर्षे रविवारच्या मिस्सानंतर आम्ही अशा मुलांबरोबर बसतो. त्यातून जे शिकलो, ते थोडक्यात मांडत आहोत.

आधी मागणी काय आहे ते नीट वाचावे. अमेरिकेतील पुष्कळ कॉलेजे 'कॉमन ॲप्लिकेशन' हा सामाईक अर्ज स्वीकारतात. त्यात २५० ते ६५० शब्दांचा निबंध असतो आणि तो मुख्यतः मुलाविषयी असतो: तो कोण आहे, कशातून घडला. इंग्लंडमध्ये अर्ज 'यूकास' या संस्थेमार्फत जातो. तेथे पूर्वी एकच सलग निवेदन लिहावे लागे. २०२६ च्या प्रवेशापासून त्याऐवजी तीन प्रश्न आले आहेत: हाच विषय का निवडला, आजवरच्या अभ्यासाने काय तयारी झाली, आणि अभ्यासाबाहेर काय केले व त्याचा उपयोग काय. तिन्ही मिळून ४,००० अक्षरे, मोकळ्या जागा धरून. प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचे. म्हणजे इंग्लंडला मनोगतापेक्षा विषयाची ओढ दाखवावी लागते. एकच निबंध दोन्हीकडे पाठवणारी मुले येथेच चुकतात.

आता उसन्या मजकुराविषयी. २००७ साली यूकासने हजारो अर्ज तपासले, तेव्हा २३४ अर्जांत एकच प्रसंग सापडला: आठव्या वर्षी पायजम्याला जळून भोक पडले आणि तेथून विज्ञानाची गोडी लागली! इतक्या मुलांचे पायजमे खरोखर जळाले असतील असे कुणाला वाटेल? आज संगणक असे साम्य आपोआप शोधतो. संगणकाकडून, म्हणजे 'एआय'कडून, निबंध लिहून घेऊन तो स्वतःचा म्हणून देणे कॉमन ॲप्लिकेशनच्या नियमांत फसवणुकीतच मोडते. अर्जाखाली मूल सही करते ती 'हे माझे आहे' अशी. पहिल्याच कागदावर खोटी सही करायला आपणच त्याला लावायचे का, हा प्रश्न पालकांनी एजंटला पैसे देण्याआधी स्वतःला विचारावा.

एक अनुभव सांगतो. नर्सिंगसाठी अर्ज करणारी एक मुलगी आमच्याकडे आली. हातात विकतचा निबंध होता. 'लहानपणापासून मानवतेची सेवा करण्याचे माझे स्वप्न आहे' अशी सुरुवात. आम्ही तो कागद बाजूला ठेवला आणि घरची विचारपूस केली. आजी सात महिने अंथरुणाला खिळून होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे. ही मुलगी वेळा एका जुन्या वहीत लिहून ठेवी. एकदा रात्री झोप लागली, पाळी चुकली आणि सकाळी आजीच्या टाचेवर लालसर डाग दिसला. हे सांगताना ती रडली. 'पण हे काय लिहायचे? हे तर घरचे काम,' असे ती म्हणाली. आम्ही म्हटले, हेच लिही. त्या डागानंतर तिने काय बदलले, कुणाला विचारले, काय वाचले, एवढ्यावरच तिचे तिसरे उत्तर उभे राहिले.

संत ऑगस्टीनचेच पाहा ना. 'कबुलीजबाब' या ग्रंथात सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर केलेल्या नासपतीच्या चोरीविषयी तो किती पाने लिहितो! फळे खाल्ली नाहीतच म्हणायची, डुकरांपुढे टाकली. प्रसंग क्षुल्लक, पण 'मी हे का केले?' हा प्रश्न तो सोडत नाही. मुलांनाही हीच सवय लावावी. संत इग्नेशियस यांनी शिकवलेली दिवसाच्या आढाव्याची प्रार्थना त्यासाठी फार उपयोगी पडते. रात्री दहा मिनिटे शांत बसून दिवस आठवायचा: कशाबद्दल आभार, कुठे चुकलो, उद्या काय. महिनाभर दोन-दोन ओळी टिपल्या तर सामग्री कमी पडत नाही.

गोष्ट आधी घरच्या बोलीत सांगू द्यावी. सामवेदी बोलणारे मूल सामवेदीत सांगताना जे बारकावे देते, ते थेट इंग्रजीत लिहिताना गळून पडतात. मग मसुदा मोठ्याने वाचून घ्यावा. वर्गातल्या दुसऱ्या कुणालाही लिहिता येईल असे वाक्य दिसले, की ते खोडावे. वडीलधाऱ्यांनी प्रश्न विचारावेत, स्पेलिंग पाहावे, पेन मात्र हातात घेऊ नये. आम्ही स्वतः हे पथ्य एकदा मोडले. एका मुलाचा निबंध इतका सुधारला की तो पन्नाशीच्या मास्तरांनी लिहिल्यासारखा झाला! शेवटी त्याचा पहिला मसुदाच परत काढावा लागला.

वेळेचे गणितही ध्यानात ठेवावे. इंग्लंडमध्ये वैद्यकीय शाखा, ऑक्सफर्ड व केंब्रिजची मुदत ऑक्टोबरच्या मध्याला संपते. बहुतेक इतर अभ्यासक्रमांची जानेवारीच्या मध्याला. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा असते. म्हणून वांद्र्याची जत्रा संपेपर्यंत पहिला मसुदा हातात असावा.

दुसऱ्या मिस्सानंतर आम्ही चर्चच्या सभागृहात असतो. मुलांनी येताना छापील निबंध आणू नये, कोरी वही आणावी. आईवडील आले तरी चालेल, पण पहिला अर्धा तास त्यांनी बाहेर बसावे ही विनंती.