एपफ्रासाचे श्रम : दुसऱ्यांच्या आत्मिक वाढीसाठीं प्रार्थना

वाचावयाचे शास्त्रभाग : कलस्सै. १:३-१२, ४:१२, १३, लूक २२:३१, ३२.

आमच्या खेड्यांतील प्रार्थनासभांत काय काय मागितलें जातें याकडे वाचकांनीं एकदां लक्ष द्यावें. पाऊस पडावा, आजाऱ्यास बरें वाटावें, जमिनीचा दावा निकालांत निघावा, मुलास नोकरी लागावी, अशा विनंत्या पुष्कळ असतात. त्या करूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. रोजची भाकर मागावयास प्रभूनेंच शिकविलें आहे. परंतु अमका बंधु विश्वासांत वाढावा, अमकी बहीण प्रीतींत दृढ व्हावी, अशी विनंती किती वेळां ऐकूं येते? बहुधा त्या बंधूचें नांव प्रार्थनेंत येण्यापूर्वीं ओट्यावरच्या बोलण्यांत येतें. त्याचें उणें सर्वांस ठाऊक असतें. त्याच्यासाठीं गुडघे टेकणारा मात्र विरळा. म्हणून या आठवड्यांत आपण एपफ्रासाकडून धडा घेऊं.

एपफ्रास हा कलस्सै येथलाच राहणारा. हें नगर हल्लींच्या तुर्कस्तानांत होतें. तेथून लावदिकीया दहा-अकरा मैलांवर व हेरापली त्याच्या थोडें पलीकडे. कलस्सैकरांनीं पौलाचें तोंडहि पाहिलें नव्हतें (२:१). त्यांस सुवार्ता शिकविली ती एपफ्रासानें (१:७). म्हणजे आमच्या उपदेशकांप्रमाणेंच तो आपल्या लोकांत राहून सेवा करणारा होता. पुढें तो बंदींत असलेल्या पौलाकडे आला, आणि फिलेमोनाच्या पत्रांत तर पौल त्यास आपला सोबतीचा बंदिवान म्हणतो. इकडे कलस्सै येथें खाण्यापिण्याचे व सणांचे नियम लादणारे आणि देवदूतांची उपासना शिकविणारे लोक मंडळीस भुलवूं पाहत होते. अशा वेळीं शिक्षक दूर! घरोघरीं जातां येत नाहीं, समजावितां येत नाहीं. तरी पौल साक्ष देतो कीं, हा मनुष्य तिन्ही नगरांतील बंधूंसाठीं फार श्रम करीत आहे. ते श्रम प्रार्थनेचे होते. पौलानें येथें योजलेला ग्रीक शब्द आखाड्यांत झुंजणाऱ्या मल्लासहि लावीत असत. अर्धें मन दुसरीकडे ठेवून कुस्ती होत नाहीं. तशीच ही प्रार्थनाहि होत नाहीं.

आतां मागावें काय? पौलानें याच मंडळीसाठीं केलेल्या प्रार्थनेंत चार गोष्टी दिसतात. पहिली, उपकारस्तुति. त्यांच्या चुका सांगण्यापूर्वीं त्यांच्या विश्वासाबद्दल व प्रीतीबद्दल तो देवाचे आभार मानतो. ज्याच्यासाठीं आपण प्रार्थना करितों त्याच्या ठायीं देवानें आजवर काय केलें आहे, हें आधीं शोधावें. दुसरी, देवाच्या इच्छेचें ज्ञान. आमच्या इच्छेप्रमाणें तो वागावा असें मागणें सोपें आहे; देवाची इच्छा त्याला उमगावी असें मागणें निराळें आहे. तिसरी, चांगल्या कामाचें फळ, म्हणजे घरांत, शेतांत व बाजारांत दिसणारी चालचलणूक. चौथी, सहन करण्याचें सामर्थ्य, आणि तेंहि आनंदानें.

ही चौथी गोष्ट आम्ही फार विसरतों. शिमोन पेत्र गव्हासारखा चाळला जाणार हें प्रभूस ठाऊक होतें. तरी चाळणी टळावी असें मागितल्याचें तो सांगत नाहीं. पेत्राचा विश्वास ढळूं नये म्हणून आपण विनंती केली, असें तो सांगतो. शिवाय, परत फिरल्यावर तूं भावांस स्थिर कर, असें कामहि तो त्यास आधींच नेमून देतो. पडणाऱ्या बंधूसाठीं प्रार्थना करितांना त्याच्या परत येण्याची वाट अशीच पाहावी.

येथें एक इशारा देणें जरूर आहे. कधीं कधीं प्रार्थना देवापुढें चाललेली असते, परंतु तिचा नेम शेजारीं बसलेल्या बंधूवर असतो. सभेंत डोळे मिटून कोणाचे दोष मोजणें ही प्रार्थना नव्हे. कोणी विश्वासानें सांगितलेली गोष्ट सभेंत उघडी करूं नये; ती आपल्या खोलींत देवापुढें न्यावी. जें बंधूस सांगावयाचें तें त्याच्या घरीं जाऊन नम्रपणें सांगावें. शमुवेलास बाजूस सारून लोकांनीं राजा मागितला, तरी त्यांच्यासाठीं प्रार्थना सोडणें हें त्यानें पाप मानलें, आणि त्यांस शिक्षण देण्याचेंहि सोडलें नाहीं (१ शमु. १२:२३).

आमच्या भागांत या धड्याची विशेष गरज आहे. दिवाळीच्या सुमारास नगर व बीडकडील पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीस जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. त्यांत मंडळीचे लोकहि असतात. फडावर नवराबायकोची जोडी एक कोयता म्हणून मोजली जाते. मंडळीनें त्यांस नांवानें आठवावें. उपदेशकानें वहींत प्रत्येक घराचीं नांवें, मुलांसुद्धां, लिहून ठेवावीं आणि रोज दोन घरें घ्यावीं. फोनवर खुशाली विचारावी; माहितीवांचून केलेली प्रार्थना लवकर पोकळ होते. पहांटेपासून राबणाऱ्या त्या जोडीस कोपींत निजण्यापूर्वीं देवाची आठवण राहावी, उचल घेतांना व फेडतांना शहाणपण मिळावें, दारूच्या संगतींत पाय घसरूं नये, मुलांस शास्त्रवचनाचा विसर पडूं नये, असें मागावें. एपफ्रासहि आपल्या लोकांपासून दूरच होता.

कोणी म्हणेल, वर्षानुवर्षें प्रार्थना केली, पण माणूस बदलला नाहीं. ज्या लावदिकीयासाठीं एपफ्रास झटला तेथील मंडळी कोमट झाल्याचें आपण प्रकटीकरणांत वाचतों. मग ते श्रम व्यर्थ गेले काय? तसें आम्ही मानीत नाहीं. प्रार्थना म्हणजे दुसऱ्याचें मन बळेंच वळविण्याचा मंत्र नव्हे. परंतु त्याच कोमट मंडळीच्या दाराशीं प्रभु ठोठावीत उभा असलेला दिसतो. जो प्रार्थना करीत राहतो तो प्रभूबरोबर त्या दाराशीं उभा राहतो. दार आंतून उघडावयाचें आहे. तोंवर आपण तेथून हलूं नये.

सभेंत विचारावयाचे प्रश्न :

१. एपफ्रास दूर असतांनाहि कोणती सेवा करूं शकला?

२. पौलानें मागितलेल्या चार गोष्टींपैकीं कोणती आपल्या प्रार्थनांत क्वचित् येते?

३. ज्याच्याविषयीं आपल्या मनांत गाऱ्हाणें आहे अशा एका मनुष्याचें नांव प्रत्येकानें मनांत धरावें. त्याच्याबद्दल देवाचे आभार कशासाठीं मानतां येतील?