लेथमागची भिंत नको

प्रश्न : निवृत्तीनंतर सावंतवाडीत घरीच लाकडी लेथवर कातकाम शिकतो आहे. पटाश्या हाय-स्पीड स्टीलच्या आहेत, म्हणजे गंजायची काळजी नाही. लेथच्या मागच्या भिंतीवर चुंबकपट्टी ठोकून त्या लावाव्यात का?
– एक वाचक

उत्तर : पट्टीपेक्षा मला त्या भिंतीची काळजी वाटते. तिथली पटाशी घ्यायची तर फिरत्या लाकडावरून हात न्यावा लागतो, आणि सैल बाही अडकायला क्षण पुरतो. रॅक लेथच्या टोकाला किंवा तुमच्या पाठीमागे करा.

गंजाचे म्हणाल, तर या पोलादात क्रोमियम साधारण 4 टक्केच असते. स्टेनलेसला किमान 10.5 टक्के लागते. कोकणातल्या पावसाळ्यात ते गंजणारच. शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवत राहा. रॅकला आतून चामडे, फोम लावू नका, ओल धरतात.

चुंबकपट्टी छोट्या हत्यारांना ठीक. लांब मुठीची जड पटाशी तिच्यावरून घसरते, शिवाय धार लावतानाचा लोखंडी भुगा पट्टीला चिकटतो तो वेगळाच.

सोपा आणि स्वस्त उपाय म्हणजे पीव्हीसी पाइप. मूठ सैल बसेल अशा, साधारण 50 मिलिमीटर व्यासाच्या पाइपाचे वीतभर तुकडे मागे कललेल्या फळीवर स्क्रूने बसवा. तळ उघडाच ठेवून मुठीपुरती आडवी पट्टी द्या, म्हणजे भुसा खाली पडेल. पाती वर राहिली की कोणती पटाशी ते लगेच दिसते; मात्र धारा छातीच्या खालीच राहतील इतका रॅक बुटका हवा. घरात नातवंडे येत असतील तर मात्र दाराचे, कुलपाचे कपाटच बरे.