माती, चुना व सिमेंट : भिंतीचा सांधा कशानें घट्ट होतो



बांधकाम चाललेल्या घरापाशीं उभे राहून गवंड्यास विचारावें, "मिस्त्री, स्लॅब कधीं तयार होईल?" तर बहुधा उत्तर मिळतें, "वाळला कीं झाला." हें उत्तर आपणां सर्वांच्या तोंडीं बसलें आहे, आणि त्यांतच एक मोठी चूक दडलेली आहे. लुगडें वाळतें, मिरची वाळते, गोवरी वाळते. परंतु सिमेंट वाळून घट्ट होत नाहीं. उलट तें लवकर वाळलें म्हणजे जन्मभर कच्चें राहतें. ही एक गोष्ट न कळल्यामुळें पुष्कळ गरीब कुटुंबांचा पोटास चिमटा घेऊन जमविलेला पैसा भिंतींत जातो व भिंतीबरोबर झडूनही जातो. आज सरकारी घरकुलाचा हप्ता हातीं येऊन खेड्यांतील माणसें आपल्या देखरेखीखालीं घरें बांधूं लागलीं आहेत; तेव्हां हा विषय केवळ गवंड्याचा राहिलेला नाहीं.

प्रथम मातीचा विचार करूं, कारण खरोखर वाळून घट्ट होणारी वस्तु तीच. चिखलाचा एक लाडू करून उन्हांत ठेवा. दोन दिवसांनीं तो दगडासारखा वाटेल. मग तो पाण्याच्या तांब्यांत सोडा. थोड्याच वेळांत त्याचा पुन्हा चिखल होईल. अर्थ असा कीं, मातीच्या अंगीं कांहींच पालट झालेला नव्हता. पाणी गेलें म्हणून कण जवळ आले, पाणी आलें म्हणून ते सुटले. मातीचें घर थंड असतें, त्यास खर्च कमी लागतो, आणि भिंतीचा पाया व माथा कोरडा राखला तर तें पिढ्यान्‌पिढ्या टिकतें. मी मातीच्या घराची निंदा करणारा नव्हे. परंतु मातीच्या सांध्यास ओढ सहन होत नाहीं, हें विसरतां कामा नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे लातूर व उस्मानाबाद (आतां धाराशिव) जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला, तेव्हां सुमारें ८,००० माणसें मेलीं. तेथील पुष्कळ घरांच्या भिंती जाड असून मातींत बसविलेल्या दगडांच्या होत्या, आणि वर लांकडावर मातीचे थर चढविलेलें जड माळवद. जमीन हालली तशी भिंतीची आंतली बाजू व बाहेरली बाजू एकमेकींपासून सुटली आणि माळवद निजलेल्या माणसांवर आलें. दोष एकट्या मातीचा नव्हता. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड नव्हते, व सर्व भिंतींना कमरपट्ट्यासारखा बांधून धरणारा पट्टाही नव्हता. तरी सांधा किती सैल होता तें त्या पहाटे दिसून आलें.

आतां चुन्याकडे वळूं. चुन्याची गोष्ट मला फार मनोरंजक वाटते, म्हणून तिच्यापाशीं जरा अधिक थांबतों. काळ्या रानांत नांगराला लागणारी चुनखडी किंवा कोंकणच्या किनाऱ्यावरील शिंपले घेऊन ते भट्टींत सुमारें ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापविले म्हणजे त्यांतून कार्बन डायऑक्साइड नांवाचा वायु निघून जातो. शुद्ध चुन्याचा दगड १०० किलो असेल, तर ४४ किलो वजनाचा वायु उडून जाऊन ५६ किलो कळीचा चुना उरतो. दिसावयास दगड तसाच, पण उचलून पाहिला तर हलका! ह्या कळीवर पाणी घातलें कीं ती सळसळते, फुगते, वाफा टाकते व फुटून तिची फकी होते. ह्या वेळीं इतकी उष्णता निघते कीं हात भाजतो, आणि शिंतोडा डोळ्यांत गेला तर दृष्टि जाऊं शकते. म्हणून मुलांना भिजत्या चुन्याजवळ फिरकूं देऊं नये, आणि शिंतोडा उडालाच तर डोळा पुष्कळ वेळ स्वच्छ पाण्यानें धूत राहून दवाखाना गांठावा.

हा विरलेला चुना वाळूशीं कालवून भिंतींत घातला म्हणजे काय होतें? तो हवेंतून तोच वायु हळूहळू परत घेतो आणि पुन्हा मूळचा दगड बनतो. भट्टींत जें गमावलें तें भिंतींत बसून परत मिळवितो, असें म्हणाना. खात्री करून घ्यावयाची असेल तर पानाचा थोडा चुना पेलाभर पाण्यांत ढवळून ठेवा. वरची स्वच्छ निवळी दुसऱ्या पेल्यांत ओता व पपईच्या पानाच्या पोकळ देठांतून तींत हळूहळू फुंका. (फुंकावयाचें आहे, ओढावयाचें नाहीं, हें मुलांना दोनदां बजावावें.) आपल्या श्वासांत तो वायु असतो, त्यामुळें निवळी दुधासारखी पांढरी होते. तो पांढरेपणा म्हणजे दगडाची बारीक पूडच होय.

म्हणजे साध्या चुन्याला हवा पाहिजे. शिवाय थोडी ओलही पाहिजे, कारण अगदीं कोरड्या ठणठणीत चुन्यांत हें परिवर्तन होत नाहीं. चुन्याच्या गिलाव्यावर जुने गवंडी कित्येक दिवस पाणी शिंपीत तें उगाच नव्हे. परंतु विहिरीच्या बांधकामांत किंवा जाड भिंतीच्या पोटांत हवा कोठून जाणार? तेथें साधा चुना वर्षानुवर्षें मऊच राहतो. ह्यावर जुन्या कारागिरांनीं सुरखीचा उपाय शोधला. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. ती चुन्याशीं मिळाली कीं दोहोंचा पाण्याच्या साह्यानें संयोग होतो आणि सांधा पाण्याखालींही घट्ट होतो. कांहीं ठिकाणच्या चुनखडींत मुळांतच माती मिसळलेली असते. तिच्या चुन्यांतही हा गुण येतो. आपल्या कित्येक किल्ल्यांवर चुन्याची घाणी, म्हणजे दगडी वर्तुळाकार चर व त्यांत बैलांनीं फिरविण्याचें चाक, आजही पाहावयास मिळते. त्यांत हा माल मळून एकजीव करीत. रोमन लोक सुरखीऐवजीं नेपल्सजवळील पोत्सुओली गांवची ज्वालामुखीची राख वापरीत. रोम शहरांतील पँथिऑन मंदिराचा ४३ मीटर रुंदीचा घुमट अशाच मालाचा असून सुमारें १,९०० वर्षें उभा आहे. आपल्या देशांत १८९५ सालीं पुरें झालेलें मुल्लपेरियार धरणही चुना व सुरखी ह्यांच्याच सांध्यानें बांधलेलें आहे.

इंग्लंडांत जॉन स्मीटन हा इंजिनियर १७५६ सालापासून एडिस्टन येथील समुद्रांतल्या खडकावर दीपगृह बांधूं लागला, तेव्हां पाण्यांत टिकेल असा चुना शोधतांना त्याला आढळून आलें कीं, ज्या दगडांत माती मिसळलेली असते त्याचाच चुना पाण्यांत घट्ट होतो. पुढें १८२४ सालीं लीड्स येथील जोसेफ अ‍ॅस्पडिन ह्या गवंड्यानें चुन्याचा दगड व चिकणमाती एकत्र भाजून केलेल्या पुडीचें पेटंट घेतलें आणि पोर्टलंड येथील दगडासारखी ती दिसते म्हणून तिला पोर्टलंड सिमेंट हें नांव दिलें. हिंदुस्थानांत पोरबंदर येथील कारखान्यांतून १९१४ सालीं सिमेंट निघूं लागलें. आज तो कच्चा माल सुमारें १,४५० अंशांपर्यंत भाजतात, व जो खडा बनतो तो थोड्या जिप्समबरोबर दळतात. जिप्सम नसेल तर सिमेंट घमेल्यांतच आवळून जाईल. पोत्यावर पी. पी. सी. अशीं अक्षरें असलीं तर त्यांत वीजकेंद्रांतील कोळशाची राख किंवा तशाच गुणाची दुसरी पूड मिसळलेली असते. म्हणजे सुरखीचेंच तत्त्व नव्या पोत्यांत भरून आलेलें आहे!

आतां मुख्य मुद्दा. चुना हवा खातो, तसें सिमेंट पाणी पितें. पाण्याशीं संयोग होऊन सिमेंटच्या कणांवर अत्यंत बारीक तंतू व पापुद्रे वाढूं लागतात. ते वाळूच्या व खडीच्या भोंवतीं एकमेकांत गुंततात आणि सर्वांचा एक दगड बनतो. हें काम पहिल्या कांहीं तासांत सुरू होतें, पण संपत नाहीं. तें आठवडेच्या आठवडे चालतें. म्हणून इंजिनियर काँक्रीटची ताकद २८ व्या दिवशीं मोजतात. मध्येंच पाणी आटलें तर काम तेथेंच थांबतें. चूल विझल्यावर भात जसा अर्धकच्चा राहतो तसाच हा प्रकार आहे.

एका गांवच्या शाळेंत घरटी वर्गणी काढून पावसाचें पाणी सांठविण्याकरितां हौद बांधला, तो मीं पाहिला आहे. काम वैशाखांत झालें. माल सहज पसरावा म्हणून कालवितांना पाणी सढळ हातानें ओतलें. आणि तळ टाकून झाल्यावर मात्र दोन दिवस शिंपडून पुढें कोणी तिकडे फिरकलें नाहीं, कारण विहीरच तळाला गेली होती. आठवड्यानें तळावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसूं लागल्या. पायानें घासलें तर पीठ निघे. पहिल्या पावसांत हौद भरला व दोन दिवसांत रिकामा झाला. लोकांनीं सिमेंटास दोष दिला. सिमेंट चांगलें होतें. पाणी जेथें नको तेथें अधिक व जेथें हवें तेथें कमी, असा उलटा व्यवहार झाला होता.

कारण ५० किलोच्या एका पोत्यास प्रत्यक्ष संयोगापुरतें सुमारें १२ लिटर पाणी लागतें. माल थापतां यावा म्हणून तें २५ लिटरपर्यंत न्यावें लागतें, आणि वाळू ओली असेल तर तिच्यांतील पाणीही ह्या हिशेबांत धरावें. त्याहून अधिक घातलेलें पाणी पुढें उडून जातें व आपल्या जागीं पोकळ्या ठेवितें. त्या पोकळ्यांतून ओल शिरते, लोखंड गंजतें, आणि ताकद घटते. अमेरिकेंतील डफ अ‍ॅब्रम्स ह्यानें १९१८ सालीं पुष्कळ प्रयोगांवरून हा नियम प्रसिद्ध केला. कालविलेला माल आवळूं लागल्यावर वरून पाणी घालून पुन्हा नरम करणें हेंही वाईट. अर्ध्या तासांत संपेल इतकाच माल कालवावा. पाणी पिण्याजोगें असावें. खारें पाणी व समुद्राची वाळू लोखंडास खातात.

माल घट्ट झाल्यावर मात्र पाणी देण्यांत कंजूषपणा नको. साध्या सिमेंटास निदान ७ दिवस, कोरड्या उन्हाळ्यांत १० दिवस, आणि पी. पी. सी. सिमेंटास १४ दिवस ओल अखंड राहिली पाहिजे. सकाळीं एकदां पाणी मारून दिवसभर तापूं देणें म्हणजे अखंड नव्हे. स्लॅबवर मातीचीं आळीं करून पाणी तुंबवावें. खांबांना ओलें गोणपाट गुंडाळावें. पाण्याची टंचाई असेल तर भिजविलेल्या गोणपाटावर प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधावा. ओल पुष्कळ टिकते. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू साध्या सिमेंटांत निदान ७ दिवस, त्याहून मोठ्याचे निदान १४ दिवस काढूं नयेत, पी. पी. सी. असेल तर त्याहूनही अधिक थांबावें.

येथें एक गोष्ट सुचवितों. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करण्याची हौस वाढली आहे, ती आवरावी. सिमेंट कठीण व ताठर; मातीच्या पोटांतील ओल तें बाहेर जाऊं देत नाहीं, आणि आंत भिंत कुजते तेव्हां बाहेरून सर्व ठीक दिसतें. तेथें मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा करावा.

मुलांसाठीं प्रयोग : एक भाग सिमेंट व तीन भाग वाळू ह्यांचे दोन सारखे लाडू करून एक दिवस सावलींत ठेवावे. मग एक उन्हांत टाकावा व दुसरा पाण्याच्या भांड्यांत बुडवावा. पंधराव्या दिवशीं दोन्ही खिळ्यानें ओरखडून पाहावे.

त्या शाळेच्या हौदाचा तळ पुढल्या पौषांत नव्यानें केला. विहिरींत पाणी होतें, व गवंड्याच्या मजुरीच्या बोलींतच चौदा दिवस पाणी मारणाऱ्या माणसाचे पैसे धरले होते. खर्च दुसऱ्यांदा झाला तो झालाच; परंतु ह्या वेळीं पाणी टिकलें.